पगार थांबला तरी घर चालावं यासाठी: टिकाऊ संपत्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैशाबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात त्यातले प्रश्न निवडून इथे मांडले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणांतल्या रकमा कुठल्याही चलनात धरा, गणित तेच राहतं. कराचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे त्यांत शिरलेलो नाही. ते तुमच्याकडच्या जाणकारालाच विचारा.

१. माझा पगार चांगला आहे. तरी वर्षअखेरीस हाती काहीच का उरत नाही?

कारण पगार म्हणजे संपत्ती नव्हे. पगार थांबल्यावरही जे तुमच्याजवळ राहतं ती संपत्ती. ती मोजायची एक साधी रीत आहे. विकता येण्याजोगं सगळं मांडा, त्यातून सगळी कर्जं वजा करा आणि जे उरेल त्याला महिन्याच्या घरखर्चाने भागा. उत्तर येईल तितके महिने तुम्ही पगाराविना काढू शकता.

एकाकडे १,८०,००० शिल्लक आहे आणि त्याचा महिन्याचा खर्च ६०,००० आहे. त्याचे तीन महिने. दुसऱ्याचा पगार याच्या निम्मा, खर्च २५,००० आणि शिल्लक ६,००,०००. त्याचे चोवीस. आता पहिल्याला घसघशीत पगारवाढ मिळाली, तो मोठ्या घरात राहायला गेला आणि खर्च ९०,००० झाला. शिल्लक तीच, पण तीनाचे दोन महिने झाले. पगार वाढला आणि माणूस आणखी अडकला. हे सर्रास घडतं, कारण कुणाची गाडी केवढी ते रस्त्यावरून दिसतं, कुणाचे महिने किती ते दिसत नाही.

पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच माप वापरलं आहे.

२. "नोकरी करून कोणी श्रीमंत होत नाही" हे खरं आहे का?

हे वाक्य बहुधा काहीतरी विकणाऱ्याच्या तोंडी असतं. पगार हे सर्वांत स्वस्त भांडवल आहे. त्यावर व्याज लागत नाही आणि तो परत करावा लागत नाही. अडचण पगार घेण्यात नाही, तो महिनाअखेरीपर्यंत सगळा संपवण्यात आहे.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले रोनाल्ड रीड यांचं उदाहरण बहुचर्चित आहे. आधी पेट्रोल पंपावर आणि पुढे एका मोठ्या दुकानात सफाई कामगार म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. २०१४ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे ८० लाख डॉलर निघाले. त्यातला मोठा वाटा गावच्या रुग्णालयाला आणि ग्रंथालयाला गेला. नावाजलेल्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि सहसा विकायचे नाहीत, एवढीच त्यांची पद्धत होती.

अशा कथांनी भारावून जाऊ नये. ज्यांचं जमलं नाही त्यांच्या बातम्या होत नाहीत, आणि रीड यांच्या रकमेत काटकसरीइतकाच दीर्घायुष्याचाही हात आहे. पण लहान पगारातून मालकी उभी राहू शकते एवढं त्यावरून नक्की दिसतं.

३. पगारातले किती टक्के बाजूला काढावेत?

टक्क्याऐवजी त्यातून मिळणारे महिने पाहा, म्हणजे उत्तर आपोआप मिळतं. दहा टक्के वाचवणारा नव्वद टक्क्यांत जगतो, म्हणजे वर्षभराच्या बचतीतून त्याला सव्वा महिन्याहून थोडी अधिक मोकळीक मिळते. वीस टक्के वाचवले तर तीन महिने, पंचवीस टक्के वाचवले तर चार, आणि निम्मा पगार वाचवला तर पुरं वर्ष. दहावरून वीसवर गेलं की मोकळीक दुपटीहून जास्त वाढते, कारण बचत वाढताना खर्चही उतरतो आणि भागाकाराला दोन्हीकडून फायदा होतो.

ज्यांचा पगार भाडं, किराणा, शाळा आणि औषधांतच संपतो त्यांना "चहा-कॉफी बंद करा" असा सल्ला देणं हा आगाऊपणा आहे. तिथे खर्च कापायला जागाच नसते, उत्पन्न वाढवणं हाच रस्ता असतो. नवं कौशल्य, कामाची बदली किंवा जास्त पगाराची दुसरी जागा. बाकीच्यांनी एकच गोष्ट करावी: पगार जमा होतो त्याच दिवशी बचत आपोआप दुसऱ्या खात्यात जाऊ द्यावी. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं तर उरत नाही.

४. आधी कर्ज फेडू की गुंतवणूक सुरू करू?

कर्जाचा दर पाहा. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसमोर कुठलीही गुंतवणूक टिकत नाही. एक लाखाची थकबाकी आणि दरमहा तीन टक्के व्याज धरू. महिन्याला ३,००० भरलेत तर फक्त व्याज जातं आणि मूळ लाख तसाच राहतो, कितीही वर्षं भरा. ४,००० भरलेत तर सुटायला ४७ महिने लागतात आणि एकूण सुमारे १ लाख ८८ हजार जातात. ५,००० भरलेत तर ३१ महिन्यांत सुटका होते आणि १ लाख ५५ हजारांत भागतं. महिन्याला एक हजार जास्त, आणि सोळा महिने व तेहेतीस हजार वाचले.

घरकर्जासारख्या कमी दराच्या आणि लांब मुदतीच्या कर्जाचं तसं नाही. ते फेडल्याने जो दर वाचतो तो खात्रीचा असतो, गुंतवणुकीतला अंदाजाचा. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर मी फेडण्याच्या बाजूने आहे. मात्र सगळी रोकड बँकेला देऊन हात रिकामे करू नयेत. हप्ता आणि गुंतवणूक दोन्ही चालू ठेवणारेही चुकत नाहीत.

५. अडीनडीसाठी किती ठेवायचे? आणि विमा कधी घ्यायचा?

नोकरी पक्की असेल तर तीन ते सहा महिन्यांचा खर्च, उत्पन्न वरखाली होत असेल तर त्याहून जास्त (प्रश्न १५). हा पैसा कमाईसाठी नसतो, म्हणून दराचा विचार करू नका. दोन दिवसांत हाती आला पाहिजे एवढंच पाहा.

विमा गुंतवणुकीच्या आधी. आजारपणाचा विमा सगळ्यांसाठी आणि आयुर्विमा ज्याच्या कमाईवर कुणी अवलंबून आहे त्याच्यासाठी. विमा आणि गुंतवणूक एकाच योजनेत घातली की संरक्षण अपुरं मिळतं आणि परतावा फिका. दोन्ही वेगवेगळे घ्या.

६. चक्रवाढीचं एवढं कौतुक का करतात? थोड्या वर्षांनी सुरू केलं तर काय बिघडतं?

हिशेबच बघा. वार्षिक आठ टक्के दर धरू. पहिली व्यक्ती पहिली दहा वर्षं दरमहा १०,००० भरते, मग एक पैसाही भरत नाही आणि ठेव वीस वर्षं तशीच राहू देते. दुसरी व्यक्ती पहिली दहा वर्षं काहीच करत नाही आणि पुढची वीस वर्षं दरमहा १०,००० भरते. तिसाव्या वर्षअखेर पहिलीचे १२ लाख भरून सुमारे ९० लाख झालेले असतात, दुसरीचे २४ लाख भरून सुमारे ५९ लाख. निम्मे भरूनही पहिली दीडपट पुढे.

झटपट अंदाजासाठी ७२चा नियम आहे. ७२ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं: आठ टक्क्यांना नऊ वर्षं, सहा टक्क्यांना बारा. इटालियन गणिती लुका पाचोली याच्या १४९४च्या ग्रंथात हा नियम आढळतो. प्रश्न ४ मधल्या कार्डाला लावून पाहा. वर्षाला ३६ टक्के धरले तर फेड न केलेली थकबाकी साधारण दोन वर्षांत दुप्पट.

७. मग तीस वर्षं दरमहा १०,००० भरले की दीड कोटी नक्की?

आठ टक्क्यांनी १ कोटी ४९ लाख होतात, हे बरोबर. जाहिरात इथेच थांबते. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर तीस वर्षांत किमती ४.३ पट होतात आणि त्या १ कोटी ४९ लाखांत आजच्या साडेचौतीस लाखांइतकीच खरेदी होते. भरलेले पैसे होते ३६ लाख!

म्हणजे बुडालो का? नाही. शेवटच्या वर्षी भरलेले १०,००० हे आजच्या जेमतेम २,३०० इतकेच असतात, म्हणून ३६ लाखांचा आकडाही तितकाच फसवा आहे. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. दरमहाची रक्कम पगाराबरोबर दरवर्षी वाढली पाहिजे, आणि कुठल्याही योजनेचा दर ऐकताना त्यातून महागाई मनातल्या मनात वजा करायची सवय लागली पाहिजे. आठ टक्के आणि पाच टक्के यांत तुमच्या वाट्याला येतात ते तीनच्याही किंचित आतले.

८. बँकेत ठेवलेला पैसा सुरक्षित नाही का? सोनं कसं?

आकडा सुरक्षित असतो, त्याची किंमत नाही. मुदत ठेव म्हणजे तुम्ही बँकेला दिलेलं कर्ज आणि ठरलेलं व्याज एवढाच तुमचा हक्क. महागाई त्याहून जास्त झाली तर फरक तुमच्या खिशातून जातो. याचं टोक जर्मनीने पाहिलं: नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. रोकड आणि रोखे (सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचे कागद) धरून बसलेल्यांची आयुष्यभराची पुंजी संपली. कारखाना, जमीन, यंत्रं ज्यांच्या नावावर होती त्यांच्याकडे निदान ती वस्तू तरी उरली. असं टोक क्वचित गाठलं जातं, पण चार-पाच टक्क्यांची संथ महागाईही तीस वर्षांत तेच काम करते (प्रश्न ७).

सोन्यातून काही उत्पन्न येत नाही. पुढचा माणूस जास्त देईल या भरवशावर सगळं चालतं. जानेवारी १९८० मध्ये एक औंस सोनं ८५० डॉलरपर्यंत गेलं. १९९९ मध्ये ते अडीचशेच्या आसपास आलं आणि ८५०चा आकडा परत दिसायला २००८ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं, तीही महागाई न धरता. संकटात सोन्याचा आधार वाटतो हे खोटं नाही, म्हणून थोडं असावं. सगळी भिस्त त्यावर नको.

९. शेअर बाजार म्हणजे जुगारच ना?

आज घेऊन उद्या विकणाऱ्याच्या बाबतीत, बऱ्याच अंशी हो. शेअर म्हणजे एका चालू धंद्याचा तुकडा. धंदा नफा कमावतो, त्यातला काही वाटतो (तो लाभांश), काही पुन्हा धंद्यात घालतो. शेकडो धंद्यांचे तुकडे वर्षानुवर्षं धरून बसणं हा जुगार नाही. उद्या कुठला तुकडा वर जाईल हे ओळखायला बसणं हा आहे.

ओळखण्याची गरजही नसते. जॉन बोगल यांनी १९७५ मध्ये व्हॅनगार्ड ही कंपनी काढली आणि १९७६ मध्ये निर्देशांकातल्या, म्हणजे बाजाराची चाल मोजायला निवडलेल्या यादीतल्या, सगळ्या कंपन्या सरसकट घेणारा फंड सामान्य लोकांपुढे आणला. १५ कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता, जमले सव्वा कोटीच्याही आत. जाणत्यांनी याला "बोगलचा खुळेपणा" म्हटलं. पुढे २००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी वॉरन बफे यांनी जाहीर पैज लावली: एका बाजूला असाच साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला व्यावसायिकांनी निवडलेले हेज फंडांचे (बड्या गुंतवणूकदारांचा पैसा भारी शुल्क घेऊन खेळवणाऱ्या फंडांचे) पाच संच. दहा वर्षांत इंडेक्स फंड सुमारे १२६ टक्के वाढला. पाचांतला सर्वांत चांगला संच ८८ टक्क्यांवर थांबला.

यात हुशारीइतकाच खर्चाचाही भाग आहे. दहा लाख तीस वर्षं आठ टक्क्यांनी वाढले तर साधारण एक कोटी होतात. त्यातून दरवर्षी दीड टक्का शुल्क गेलं तर हाती ६६ लाखच येतात. "फक्त दीड टक्का" म्हणता म्हणता एक तृतीयांश पुंजी गेली. कुणी फुकट सल्ला देत असेल तर त्याचं पोट कशावर चालतं ते आधी विचारा.

१०. आणि बाजार कोसळला तर?

कोसळणारच, हे धरूनच आत यायचं. अमेरिकेचा डाऊ निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर होता, जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. २००७ ते २००९ मध्ये तिथलाच एस अँड पी ५०० हा मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक अर्ध्याहून खाली आला. पन्नास टक्के घसरलेलं मूळ जागी यायला शंभर टक्के वाढावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

"थांबलं की सगळं परत मिळतं" असं म्हणणाऱ्यांना जपान दाखवावा. निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर पोहोचला आणि ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं म्हणजे एखाद्याची अख्खी नोकरी. लाभांश धरला तर चित्र थोडं बरं दिसतं, पण थोडंच. म्हणून सगळा पैसा एका देशात नको, एका महिन्यात नको, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये मुळीच नको. जो दरमहा थोडं थोडं घेत राहिला त्याला पडत्या भावातही माल मिळत गेला. ज्याने १९८९च्या अखेरीस सगळं एकदम लावलं त्याची गोष्ट वेगळी.

११. राहतं घर संपत्तीत धरायचं का?

कागदावर हो, महिन्यांच्या हिशेबात नाही. राहत्या घरामुळे भाडं वाचतं, त्यामुळे खर्च कमी होऊन महिने वाढतात. तो फायदा भागाकारात आधीच आलेला असतो. पण स्वयंपाकघराची एक भिंत विकून महिना काढता येत नाही. घर विकून लहान घरात जायची खरोखर तयारी असेल तर मधला फरक धरा.

१२. पॅसिव्ह इन्कम म्हणजे नक्की काय? सगळे त्याच्याच मागे आहेत.

तुम्ही झोपलेले असताना येणारा पैसा, असं सांगतात. व्याज आणि लाभांश त्याच्या सर्वांत जवळचे. भाड्याचं तसं नाही. घराची किंमत १०० धरा आणि वर्षाचं भाडं ३. त्यातून रिकामा गेलेला एखादा महिना, रंगरंगोटी, गळका नळ, मालमत्ता कर आणि दलाली वजा केली की दोनच्या आसपास उरतात. रात्री अकरा वाजता भाडेकरूचा फोन येतो तो वेगळाच. घराची किंमत वाढेलही, पण ते उत्पन्न नव्हे, अंदाज आहे.

पुस्तकाची रॉयल्टी, ऑनलाइन शिकवणी, छोटा धंदा यांत आधी काही वर्षांची फुकट मेहनत असते. मेहनत करायला हरकत नाही. तिला "पॅसिव्ह" म्हणू नये एवढंच. आणि ज्याला पॅसिव्ह इन्कम कसं कमवायचं हे शिकवून पोट भरावं लागतं, त्याचं स्वतःचं उत्पन्न कितीसं पॅसिव्ह आहे ते पाहून घ्यावं.

१३. माझी कंपनी पगाराबरोबर शेअर देते. ते ठेवू का?

थोडे ठेवा, बाकीचे अटी संपतील तसे विकून इतरत्र पसरा. पगारही तिथूनच आणि पुंजीही तिथेच, म्हणजे कंपनी बुडाली की दोन्ही एकाच आठवड्यात जातात. एनरॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीत हेच झालं. ऑगस्ट २००० मध्ये जो शेअर ९० डॉलरच्या घरात होता तो डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर होईपर्यंत डॉलरच्याही खाली गेला. कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला अर्ध्याहून अधिक पैसा त्याच शेअरमध्ये होता.

"पण आमची कंपनी मजबूत आहे" असं पुष्कळ जण म्हणतात. स्वतःला एवढंच विचारा: हेच पैसे रोख मिळाले असते तर आज याच कंपनीचे एवढे शेअर विकत घेतले असते का?

१४. वारशाचे किंवा घर विकल्याचे पैसे एकदम आले. लगेच गुंतवू की टप्प्याटप्प्याने?

आधी तीन महिने काही करू नका. मुदत ठेवीत टाका आणि नातेवाइकांना रक्कम सांगू नका.

मग आकड्यांकडे या. व्हॅनगार्डच्या २०१२च्या अभ्यासात अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचा जुना इतिहास तपासला गेला. एकदम गुंतवणं हे वर्षभरात विभागून गुंतवण्यापेक्षा साधारण तीनपैकी दोन वेळा सरस ठरलं. तरीही पहिल्याच महिन्यात वीस टक्के घसरण पाहून तुम्ही सगळं विकून बाहेर पडणार असाल तर टप्पे करा. किंचित कमी मिळेल, पण टिकून राहाल. हा प्रश्न गणितापेक्षा स्वभावाचा जास्त आहे.

१५. माझं उत्पन्न ठरलेलं नाही. कधी भरपूर, कधी शून्य. मी काय करू?

स्वतःला पगार द्या. येणारं सगळं एका खात्यात जमा होऊ द्या आणि तिथून दर महिन्याला ठराविक रक्कम घरखर्चाच्या खात्यात पाठवा. ती रक्कम चांगल्या वर्षाच्या सरासरीवर ठरवू नका. गेल्या काही वर्षांतलं सर्वांत वाईट वर्ष धरा. कराचा वाटा पैसे आले त्याच दिवशी तिसऱ्या खात्यात. पहिल्या खात्यात नऊ ते बारा महिन्यांचा खर्च साठला की त्यावरचं सगळं गुंतवणुकीला. अशा लोकांना भरभराटीच्या वर्षीच घर, गाडी आणि हप्ते सुचतात. नेमकं तेव्हा थांबावं.

१६. कमी व्याजाने कर्ज काढून शेअर घेतले तर? फरक तर खिशात येईल.

ऋण काढून सण करू नये हे सगळ्यांना पाठ असतं, पण ऋणातून कमाई होईल म्हटलं की भलेभले घसरतात. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा अमेरिकी फंड १९९४ मध्ये सुरू झाला. त्यातल्या रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स या दोन भागीदारांना १९९७चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९८च्या सुरुवातीला फंडाने स्वतःच्या भांडवलाच्या सुमारे पंचवीस पट कर्ज उचललं होतं. त्या वर्षी रशियाने कर्जफेड थांबवली, बाजार उलटला आणि सप्टेंबरमध्ये चौदा वित्तसंस्थांना ३६० कोटी डॉलर घालून फंड सावरावा लागला.

अंदाज शेवटी बरोबर ठरणं पुरेसं नसतं. तो बरोबर ठरेपर्यंत सावकाराने थांबावं लागतं. स्वतःचे पैसे लावणारा वाट पाहू शकतो. कर्जावर खेळणाऱ्याला सर्वांत पडत्या भावात विकावं लागतं.

१७. ओळखीचे एक जण महिन्याला दोन टक्के हमखास देतात. काही जणांना तीन वर्षं नियमित मिळतायत. घ्यावं का?

नाही. महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला जवळजवळ सत्तावीस. एवढी खात्रीची कमाई ज्याला येते त्याला तुमचे पैसे कशाला लागतील? तो बँकेकडून निम्म्या दराने उचलेल.

"नियमित मिळतायत" हा पुरावा नाही, ती या धंद्याची रीतच आहे. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के कबूल केले आणि सुरुवातीच्या लोकांना दिलेही, नंतरच्या लोकांच्या पैशांतून. बर्नार्ड मेडॉफ जास्त धूर्त होता: त्याने अवाच्या सव्वा दर दिला नाही, महिन्याला एक टक्क्याच्या आसपास, पण वर्षानुवर्षं न चुकता. डिसेंबर २००८ मध्ये तो पकडला गेला तेव्हा ग्राहकांच्या कागदोपत्री खात्यांत सुमारे ६,५०० कोटी डॉलर दिसत होते, प्रत्यक्षात त्याच्या आसपासही काही नव्हतं. खरी गुंतवणूक वरखाली होते. जी कधीच खाली जात नाही तिच्यापासून लांब राहा.

१८. पंचेचाळिशी ओलांडली आणि हाती काही नाही. आता काय उपयोग?

उपयोग आहे, पण किंमत जास्त पडते. पस्तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याने दरमहा १०,००० भरून पासष्टीला जे जमवलं (प्रश्न ७), तेवढंच जमवायला पंचेचाळिशीत सुरुवात करणाऱ्याला दरमहा साधारण २५,००० लागतात. जोखीम वाढवून हा खड्डा भरायला जाऊ नका. उशीर झालेल्यांनाच प्रश्न १७ मधले लोक गाठतात.

तुमच्या हातात दुसऱ्या गोष्टी आहेत. या वयात पगार बहुधा सर्वांत जास्त असतो. मुलं हाताशी आली की जो खर्च सुटतो तो तसाच बचतीत वळवता येतो. आणि दोन-तीन वर्षं जास्त काम केलं तर दुहेरी फरक पडतो: भर पडत राहते आणि पुंजीवर जगायची वर्षं कमी होतात. मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःचं म्हातारपण गहाण टाकू नये असंही माझं मत आहे. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही. हे वाचून पुष्कळांना राग येतो.

१९. नवरा-बायकोत एक काटकसरी आणि एक खर्चिक असेल तर?

बचत आणि घरखर्च एकत्र ठरवा, मग दोघांना सारखी रक्कम द्या जिचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. भांडणं बहुधा रकमेवरून होत नाहीत, विचारण्यावरून होतात.

२०. किती जमलं की नोकरी सोडता येते?

प्रचलित उत्तर आहे वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट, म्हणजे तीनशे महिने. हे आलं विल्यम बेंगन यांच्या १९९४च्या अभ्यासातून. पहिल्या वर्षी पुंजीतले चार टक्के काढायचे, पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ द्यायची, आणि पैसे किती वर्षं पुरतात हे त्यांनी जुन्या आकड्यांवर तपासलं. शेअर आणि रोख्यांच्या मिश्रणात ते निदान तीस वर्षं पुरले. १९९८ मध्ये ट्रिनिटी विद्यापीठातल्या तीन प्राध्यापकांनी याच मार्गाने पुढचं काम केलं.

अपवाद मात्र आकड्याइतकेच महत्त्वाचे. हे आकडे अमेरिकेचे आहेत, जपानचे नाहीत (प्रश्न १०). मुदत तीस वर्षांची आहे; चाळिशीत सोडणाऱ्याला पन्नास वर्षं काढायची असतात, त्याने तीस ते पस्तीसपट धरावेत. शुल्क वेगळं जातं (प्रश्न ९). सर्वांत मोठा धोका पहिल्या पाच-सात वर्षांत असतो: सोडल्या सोडल्या बाजार पडला आणि तुम्ही त्याच पडत्या पुंजीतून काढत राहिलात, तर पुढची तेजी खायला पुंजीच उरत नाही. त्यावर उपाय म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च ठेवीत वेगळा ठेवावा आणि वाईट वर्षी कमी काढायची तयारी ठेवावी.

तीनशेच्या आधीही फरक पडतो. बारा महिने हाती असले की वाईट साहेबाला नाही म्हणता येतं, साठ असले की कमी पगाराचं आवडतं काम घेता येतं. बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं.

२१. ही संपत्ती पुढच्या पिढीपर्यंत टिकवायची कशी?

बेंजामिन फ्रँकलिन १७९० मध्ये वारले. त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड ठेवले. त्यातून तरुण कारागिरांना पाच टक्क्यांनी कर्ज द्यायचं, शंभर वर्षांनी काही भाग काढायचा आणि उरलेला दोनशे वर्षांनी. १९९०च्या सुमारास बॉस्टनच्या निधीत जवळजवळ ५० लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाच्या निधीत साधारण २० लाख. सुरुवात एकच, अटी त्याच, काळही तोच. फरक पैसा कुणी कसा सांभाळला याचा.

म्हणून इच्छापत्र करा, प्रत्येक खात्यावर वारसाचं नाव लावा, आणि लग्न, मूल, घटस्फोट किंवा मृत्यू झाला की ते बदला. जुन्याच नावावर पैसे गेल्याची प्रकरणं कोर्टात भरपूर आहेत. इच्छापत्र आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर कुठलं चालतं हे देशागणिक बदलतं, ते वकिलाला विचारा.

याशिवाय एक कागद घरात असावा: खाती कुठे आहेत, विम्याचे क्रमांक काय, कुणाचं देणं आहे, कुणाकडून येणं आहे, कुलपाची किल्ली कुठे. पासवर्ड त्यावर नकोत. ते वेगळ्या सुरक्षित जागी, आणि ती जागा जोडीदाराला माहीत असावी. कागदावर तारीख घाला, दरवर्षी नवा करा आणि जुना फाडून टाका, नाहीतर तीन तारखांचे तीन कागद सापडतात आणि कुठला खरा हे सांगायला कुणी नसतं.